उंची वाढते, घेर का वाढत नाही? पॉलिहाऊसमधला संकरित खांबी निवडुंग

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाईजवळ तुमचं जरबेराचं दहा गुंठ्यांचं जुनं पॉलिहाऊस आहे. जरबेरा थांबवल्यावर तिथं तुम्ही मोठ्या फुलांचे संकरित ट्रायकोसेरियस, म्हणजे खांबासारखे वाढणारे निवडुंग, लावलेत, काही कुंड्यांत आणि काही जुन्या गादीवाफ्यांतच. वर्षभरात ते दोन-अडीच फुटांवर गेले. पण शेंड्याकडं अंगठ्याएवढे बारीक, फिकट आणि एका अंगाला कललेले. ऑगस्टमध्ये वाफ्यातले काही बुडापासून सडले. फूल अजून एकही नाही. आणि तुमचा प्रश्न आहे की जाडी यायला कोणतं खत देऊ?

खताकडं नंतर येतो, कारण तुमच्या झाडांना खत कमी पडलेलं नाही. कमी पडलाय तो उजेड. हा निवडुंग मुळातच वेगानं वाढणारा आहे. पाणी, ऊब आणि नत्र मिळालं की तो वाढतोच. पुरेसं ऊन असेल तर ती वाढ घेरातही जाते, नसेल तर नुसती उंचीत. पॉलिहाऊस ऊब देतं, पावसापासून वाचवतं, पण ऊन आणि वारा दोन्ही कमी करतं. म्हणजे उंची वाढवायला लागणारं सगळं तिथं आहे आणि जाडी आणणारं नेमकं तेच कमी आहे. म्हणून पॉलिहाऊसमध्ये हा लावणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा सांगतो की फूटपट्टी बाजूला ठेवा आणि शिंप्याकडची टेप आणा. महिन्यातून एकदा शेंड्याखाली चार बोटांवर घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. मागच्या महिन्यापेक्षा घेर कमी भरला तर उजेड वाढेपर्यंत पाणी आणि खत थांबवायचं.

एवढं कडक का, तर एकदा बारीक झालेला भाग पुढं फारसा भरत नाही. पुढच्या हंगामात उजेड मिळाला तर त्याच्यावर चांगला मनगटाएवढा जाड खांब येतो, आणि मग बारीक काठीवर भरलेला हंडा ठेवावा तशी गत होते. वाऱ्याच्या एका झोताला किंवा कुंडी हलवताना तो मधेच मोडतो. विकायला ठेवलेल्या झाडात तर हा गळा गिऱ्हाइकाला पहिल्या नजरेत दिसतो.

हे झाड कुठून आलं ते पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. या फुलांच्या संकरांत ज्या जाती सारख्या भेटतात, त्या ग्रँडिफ्लोरस, हुआस्चा, कँडिकन्स, सगळ्या अर्जेंटिनाच्या पश्चिम आणि वायव्य भागातल्या, कातामार्का, ला रिओहा, मेंदोसा या कोरड्या डोंगराळ प्रांतांतल्या. संकराचं बरंचसं काम कॅलिफोर्निया आणि जर्मनीत झालं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मरीनो इथल्या हंटिंग्टन उद्यानात बॉब शिक यांनी केलेले संकर तर जगभर पोचले. पुस्तकांत आणि परदेशी याद्यांत हीच झाडं इकिनॉप्सिस या नावानंही मिळतील, कारण १९७४ मध्ये ट्रायकोसेरियस त्यात मिसळली गेली आणि २०१२ च्या जनुकीय अभ्यासानंतर पुन्हा वेगळी धरली जाऊ लागली. शोधताना दोन्ही नावं टाका.

त्या डोंगरांत पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा, थंड जातो. आपल्याकडंही पाऊस उबेच्या दिवसांत आणि हिवाळा कोरडा. म्हणजे देशावरचं ऋतुचक्र या झाडाला मुळात मानवणारं आहे, आणि भूमध्य समुद्राकाठच्या हिवाळी पावसाच्या प्रदेशांपेक्षा आपण या बाबतीत सुदैवी आहोत. फरक एवढाच की तिकडं गडगडाटी सर येऊन जाते, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन आणि वारा. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ढग. वाईला महाबळेश्वरइतका पाऊस नसेल, पण ढग तेच असतात. झाडाला वाटतं वाढायचा हंगाम आला. ऊब आहे, ओल आहे, हवेत दमटपणा आहे. ऊन तेवढं नाही. तुमच्या झाडांचा बारीक भाग बुडापासून मोजून बघा. तो बहुतेक जुलै-ऑगस्टमधलाच निघेल.

आता तुमच्या पॉलिहाऊसचा हिशेब करू. दोनशे मायक्रॉनची नवी फिल्म साधारण ८५ टक्के उजेड आत सोडते. तुम्ही लिहिलंय की आत जरबेरासाठीची पन्नास टक्क्यांची शेडनेट अजून तशीच ताणलेली आहे. ८५ चे निम्मे म्हणजे ४२. फिल्म जुनी, वर धूळ आणि पावसाळ्यातलं शेवाळ, म्हणजे हातात तिसरा हिस्सा उरला. उन्हाळ्याच्या भर दुपारी बाहेर लाखाच्या घरात लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, तेव्हा हे खपून जातं. ढगाळ जुलैत बाहेरच पंचवीस-तीस हजार असतील तर आत आठ-दहा हजार. एवढ्यात जरबेराही नाखूश असतो, निवडुंगाचं तर विचारायलाच नको. फोनवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण आतलं-बाहेरचं गुणोत्तर काढायला पुरतं. बाहेर आकाशाकडं तोंड करून एकदा, आत त्याच वेळी एकदा. निम्म्याच्या वर यायला हवं, साठ-पासष्ट टक्के आलं तर उत्तम.

म्हणून पहिलं काम शेडनेट काढणं, दुसरं फिल्म धुणं. फिल्म तीन-चार वर्षांच्या पुढं गेली असेल आणि पिवळट पडली असेल तर धुऊन फार उपयोग नाही, बदलावी लागेल. हा खर्च मोठा आहे हे मला कळतं, पण खतांवर आणि बुरशीनाशकांवर दरवर्षी जातो त्यापेक्षा तो सार्थकी लागतो.

नेट एकदम काढली की झाड भाजणार, ही तुमची भीती बरोबर आहे. सावलीत वाढलेल्या सालीवर थेट ऊन पडलं तर पांढरट-पिवळे चट्टे पडतात आणि ते जन्मभर राहतात. यावर आपल्या हवामानातच एक सोय आहे. नेट काढायची उत्तम वेळ जूनच्या अखेरीस, पाऊस बसल्यावर. ढगांच्या छायेत झाड हळूहळू उजेडाला सरावतं. सप्टेंबरमध्ये आकाश उघडलं की पहिले आठ-दहा दिवस फक्त दुपारी बारा ते तीन नेट ओढायची, आणि मग ती गुंडाळून ठेवून द्यायची. आता सप्टेंबर उजाडलाच आहे, तेव्हा या वर्षी तुम्हाला उलटं करावं लागेल. आधी पन्नासच्या जागी पस्तीस टक्क्यांची नेट, दोन आठवड्यांनी ती फक्त दुपारची, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूर्ण बंद. कुंड्यांच्या दक्षिण बाजूला खडूनं खूण करा आणि जागा बदलली तरी तीच बाजू दक्षिणेला ठेवा. सरावलेली बाजू उन्हाकडं राहिली की भाजण्याचा धोका बराच कमी होतो. नागपूर-अमरावतीकडं मे महिन्यात ४५ अंशांत पस्तीस टक्क्यांची नेट लागतेच. वाईत एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती पुरे.

उभ्या खांबाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा खांबाच्या अंगावर ऊन जवळजवळ पडतच नाही, शेंड्यावर तेवढं पडतं. मेच्या मध्यावर आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला एखाद्या झाडाकडं जाऊन पाहा. खांबाचं पोट भरतं ते सकाळच्या आणि दुपारनंतरच्या तिरप्या उन्हावर. मग छप्पर कितीही स्वच्छ असलं तरी पूर्व-पश्चिमेच्या बाजूंना हिरवे पडदे, खोक्यांच्या थप्प्या किंवा बांधावरची गर्द झाडी असेल तर अर्धं अन्न तिथंच अडतं. ओळी दक्षिण-उत्तर लावा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन प्रत्येक ओळीला दोन्ही अंगांनी मिळतं. उंच झाडं उत्तरेला, लहान दक्षिणेला. दोन ओळींत निदान झाडाच्या उंचीच्या निम्मं अंतर ठेवा. जागा वाया जाते असं वाटेल, पण दाटीत वाढवलेली दुप्पट झाडं निम्म्या भावानंही जात नाहीत.

वारा आणि रात्रीचा गारवा हा पुढचा मुद्दा, आणि तो खतापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. निवडुंग दिवसा रंध्रं मिटून घेतो, रात्री उघडतो. कार्बन डायऑक्साइड रात्रीच आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याची साखर करतो. बहुतेक खांबी निवडुंगांत हे काम रात्र १५ ते २० अंशांच्या आसपास असताना जोरात चालतं. रात्र पंचवीसच्या वर राहिली की श्वसनातच बरंच खर्ची पडतं. संध्याकाळी पडदे खाली सोडायची जरबेराची सवय इथं मोडावी लागेल. निवडुंगासाठी पडदे रात्री उघडे हवेत, खाली येतील ते फक्त वाऱ्या-पावसाच्या झडीत. बाजूंना बारीक भोकांची इन्सेक्ट नेट असेल तर ती काढा किंवा मोठ्या भोकांची लावा, ती वारा फार अडवते. धुक्यासारखं पाणी फवारणारे फॉगर कायमचे बंद. कोकण-गोव्यातल्या वाचकांना अडचण नेमकी इथं येते. तिथं पावसासाठी छप्पर हवंच, आणि रात्री फारशा उतरत नाहीत. तिथं बाजू पूर्ण उघड्या ठेवून नुसतं छप्पर करावं, आणि फुलांची अपेक्षा माफक ठेवावी.

आता सडण्याकडं येतो. जरबेराचे गादीवाफे तांबडी माती, शेणखत आणि भाताचं तूस घालून केलेले असतात. जरबेराला ते उत्तम. निवडुंगाला त्यात तीन अडचणी आहेत. तूस आणि शेणखत कुजून वाफा बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही. वर्षानुवर्षं एकच पीक घेतल्यानं मुळकुजीच्या बुरशा आणि सूत्रकृमी साठलेल्या असतात. आणि ठिबकच्या नळ्या खोडाला चिकटून ठेवलेल्या असल्या तर बूड कायम ओलं राहतं. वाफ्यात लावलेलं झाड कुंडीतल्यापेक्षा दीडपट-दुप्पट वेगानं वाढतं हे खरं, मलाही वाफ्यातली लागवडच आवडते. पण त्या वाफ्यात नाही. जुनी माती काढून बाहेर शेतात टाका, खाली वीतभर खडी भरा, वर नवं मिश्रण दीड फूट.

मिश्रण मी असं करतो: विटांचा चाळलेला चुरा किंवा भट्टीची धुतलेली राखडी खडी चार भाग, काळ्या दगडाची बारीक खडी दोन भाग, तांबडी माती दोन भाग, चाळलेलं पूर्ण कुजलेलं शेणखत दीड भाग आणि अर्धा भाग निंबोळी पेंड. विटांचा चुरा तीन ते आठ मिलिमीटरचा हवा. त्याखालची पूड चाळून टाकायचीच, नाहीतर ती तळाशी जाऊन चिखल होतो. परलाइट मिळत असेल तर चांगलंच, पण दोन फुटी खांबाला बुडाशी वजन लागतं आणि परलाइट हलकं असतं, म्हणून काळी खडी सोडू नका. कोकोपीट मी जवळजवळ वापरत नाही. एकदा ओलं झालं की पावसाळ्यात ते वाळतच नाही, आणि एकदा कडक वाळलं की पाणी घेत नाही. काळी माती तर चिमूटभरही नको. कुंडी उंचीला नव्हे, रुंदीला मोठी घ्या. दोन फुटी झाडाला दहा-बारा इंचांची.

पाण्याचं वेळापत्रक हाच या पिकाचा कणा आहे, आणि आपल्याकडं ते इंग्रजी पुस्तकांतल्या वेळापत्रकाशी जुळत नाही. आपल्या देशावर या झाडाचे खरे वाढीचे हंगाम दोन आहेत. पहिला फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत. ऊन भरपूर, हवा कोरडी, रात्री अजून बऱ्यापैकी गार. या काळात मिश्रण दोन इंच खोल वाळलं की भरपूर पाणी, तळातून वाहून जाईल इतकं. मे मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत उष्णतेनं झाड आपोआप मंदावतं, तिथं त्याला ढोसू नये. जून अखेरीपासून सप्टेंबर मध्यापर्यंत उपाशी ठेवायचं. कुंडीतल्याला तीन आठवड्यांतून एकदा, आणि तेही हवामान खात्यानं दोन-तीन दिवस उघडीप सांगितली असेल तरच. वाफ्यातल्याला मुळीच नाही. छपराच्या कडेनं येणारी ओल त्याला पुरते. झाड थोडं आकसतं, कंगोरे उठून दिसतात, बघवत नाही, पण काही बिघडत नाही. दुसरा हंगाम सप्टेंबर मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. माझ्या अनुभवात वर्षातली सर्वांत जाड, गर्द हिरवी वाढ याच दीड-दोन महिन्यांत मिळते. दिवसा ऊन स्वच्छ, रात्री विशीच्या खाली यायला लागलेल्या. ज्यांनी पावसाळ्यात झाड ताणू दिलं नाही त्यांनाच हा हंगाम फळतो. नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पुन्हा कोरडं.

पाणी कोणतं, हेही बघा. विहिरीच्या आणि बोअरच्या जड पाण्यानं कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो, मिश्रणाचा पीएच वर जातो आणि शेंडा पिवळा पडतो. लोक त्याला खत कमी पडलंय समजतात. पॉलिहाऊसच्या छपरावरून येणारं पावसाचं पाणी पन्हाळीनं टाकीत किंवा शेततळ्यात घेता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. नाहीतर फॉस्फरिक आम्लानं पीएच सहाच्या आसपास आणा. जरबेरामुळं तुमच्याकडं पीएच आणि ईसीचे (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाचे) मीटर असणारच.

आता तुमचं खत. जरबेराला जो ईसी देत होता त्याच्या निम्मा ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये एका पाण्याआड १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, आणि महिन्यातून एकदा त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट तेवढंच. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या कोणत्याही खताबरोबर एका टाकीत नको, गाळ बसतो, हे तुम्हाला सांगायला नको. मे ते सप्टेंबर मध्य, खत काहीही नाही. पावसाळ्यात नत्र देणं म्हणजे बारीक गळा विकत घेणं. सप्टेंबर अखेरीस पुन्हा कॅल्शियम नायट्रेट एकदा, मॅग्नेशियम सल्फेट एकदा स्वतंत्र, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या पाण्यात ०:५२:३४, म्हणजे नत्र नसलेलं स्फुरद-पालाशाचं खत. संपलं. बाजारात ‘निवडुंग जाड करणारी’ म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यांवर पैसे घालू नका.

बारीक झालेल्या झाडांचं काय करायचं? कापायची. याला दुसरा उपाय नाही. पण आता नाही, फेब्रुवारीच्या अखेरीस. पाऊस संपता संपता हवेत अजून बुरशी फार असते, आणि फेब्रुवारीत कापलं तर बुंध्याला फुटणाऱ्या पिल्लांना पुढं अडीच महिने खरी वाढ मिळते. बारीक व्हायला जिथं सुरुवात झाली त्याच्या खाली, पूर्ण घेराच्या भागात, धारदार सुरीनं एका दमात कापा. प्रत्येक झाडानंतर सुरी स्पिरिटनं पुसा. बुंधा तसाच ठेवा, त्याच्या वरच्या काटेस्थानांतून (काटे जिथून फुटतात त्या ठिपक्यांतून) दोन ते पाच पिल्लं, म्हणजे नव्या फुटी, येतील. दोन-तीन ठेवून बाकीची चिंचेएवढी असतानाच खुडा. हे बुंधेच तुमचे मातृवृक्ष.

कापलेल्या तुकड्याची खालची कड पेन्सिल तासतात तशी तिरपी तासून घ्या. आतला गर वाळताना आकसतो, साल आकसत नाही. कड तासली नाही तर तळ खोलगट होतो, त्यात ओल साचते आणि मुळं फुटतात ती गराच्या मधल्या, रसवाहिन्यांच्या कड्यातून, मातीपासून अधांतरी. गंधकाची भुकटी लावून सावलीत, वाऱ्यावर, उभे ठेवा. आडवे ठेवले तर शेंडा वर वळतो आणि खालच्या अंगाला मुळं येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मनगटाएवढ्या तुकड्याला दोन ते तीन आठवडे लागतात. तळाला नखानं वाजवलं तर कोरडा, टणक आवाज यायला हवा. मग कोरड्या मिश्रणात दोन इंच खोल, बांबूचा आधार, आणि पहिलं पाणी आणखी दोन आठवड्यांनी. मधला जो बारीक भाग उरेल तो टाकू नका. बोटभर लांबीचे तुकडे करून मुळं आणा, बियांपासूनच्या रोपांची कलमं भरायला ते खुंट म्हणून कामी येतात.

सडलेल्यांना मात्र फेब्रुवारीपर्यंत थांबता येणार नाही. ती आजच काढा. खालून कापत वर जा आणि प्रत्येक कापाचा आडवा छेद नीट बघा. मऊ, दुर्गंधी येणारी सड डोळ्यांना लगेच दिसते. फसवते ती दुसरी, ज्यात गर पांढरा-हिरवा असतो पण मधल्या कड्यात तांबूस-तपकिरी ठिपके असतात. तो एक ठिपका राहिला तरी बुरशी त्या वाटेनं वर चढते. छेद पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत कापायचं, दर कापाला सुरी पुसायची. मग कॉपर ऑक्सिक्लोराईडची कोरडी पूड लावून पंख्याखाली वाळवत ठेवा. महिना लागला तरी लागू द्या, घाईनं मातीत खोचू नका.

किडींत दोनच सांगतो. पिठ्या ढेकूण शेंड्याच्या लोकरीत दिसतो तेव्हा मुळांवरही असण्याची शक्यता धरावी. कुंडी पालथी करून बघा. मुंग्यांची ये-जा सुरू झाली की ते पहिलं लक्षण. आणि मार्च ते मे लाल कोळी. शेंड्याची कोवळी साल आधी निस्तेज, मग तांबूस-खरखरीत होते. ती साल परत हिरवी होत नाही, म्हणून भिंगानं आठवड्याला शेंडे तपासणं हाच उपाय. निंबोळी तेल उन्हात कधीही मारू नका, संध्याकाळी मारा. सालीवरचा मेणाचा थर जातो आणि दुसऱ्या दिवशी ती भाजते. ३५ अंशांच्या वर गंधकाची फवारणीही नको.

फुलांबद्दल तुम्ही थोडं निराश होऊन लिहिलंय. तसं होऊ नका, वाई फुलांसाठी मुंबईपेक्षा कितीतरी चांगली जागा आहे. या संकरांना फूल यायला दोन गोष्टी लागतात: भरलेला खांब आणि थंड, कोरडा हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडं रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेवढं पुरतं, पण पडदे उघडे हवेत आणि मिश्रण कोरडं हवं. तुम्ही हिवाळ्यातही ठिबक चालू ठेवलंत, म्हणून झाड वाढतच राहिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये खांबाच्या वरच्या भागातल्या काटेस्थानांतून लोकरीचे गोळे डोकावतात. ते कळ्या आहेत की पिल्लं हे सुरुवातीला कळत नाही. तिथंच लोक घाईनं पाणी देतात. गोळा स्पष्ट केसाळ होऊन लांबट होईपर्यंत थांबा. कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका. फूल संध्याकाळी उमलायला लागतं आणि कडक उन्हात दुसऱ्या दुपारपर्यंत मिटतं, वीतभर व्यासाचं, गुलाबी-केशरी-लाल. त्या एका रात्रीसाठी वर्षभर राबावं इतकं ते सुंदर असतं, आणि एका भरलेल्या झाडावर एका वेळी पाच-सहा उमलली की पॉलिहाऊसमध्ये दिवा लावायची गरज वाटत नाही.

बी धरायचं असेल तर एक लक्षात घ्या. या झाडाला स्वतःचं परागण सहसा चालत नाही, आणि एकाच झाडाच्या काड्यांपासून केलेली शंभर झाडं ही त्या अर्थानं एकच झाड. दुसऱ्या वाणाचा पराग हवा. पहाटे मऊ कुंचल्यानं लावा आणि फुलाच्या देठाला त्याच वेळी चिठ्ठी बांधा: आधी मातेचं नाव, मग पित्याचं. फळ पिकून तडकलं की बी धुऊन, सावलीत वाळवून, झाकलेल्या ट्रेमध्ये पेरा. २५ ते २८ अंशांत आठवड्या-दीड आठवड्यात उगवतं. त्या रोपांतलं प्रत्येक वेगळं निघणार, रंगानं, काट्यांनी, वाढीच्या वेगानंही, कारण आईबाप दोघंही आधीच संकर आहेत. म्हणून ‘फ्लाइंग सॉसर’ या नावाच्या वाणाच्या बियांतून आलेलं रोप ‘फ्लाइंग सॉसर’ म्हणून विकता येत नाही. ते नाव फक्त काडीनं किंवा कलमानं वाढवलेल्या झाडाला. आपल्या बाजारात हा घोळ फार झाला आहे, आणि तो थांबवायचा तर सुरुवात तुमच्यासारख्या नव्या, मनापासून करणाऱ्या लोकांनीच करायला हवी. नाव माहीत नसेल तर ‘अनामिक संकर’ लिहून रंग लिहा. जाणकार गिऱ्हाईक त्यालाही चांगला भाव देतं.

शेवटी तुम्ही थायलंडहून काड्या मागवायचं म्हणताय त्याबद्दल. निवडुंगाचं जवळजवळ सगळं कुळ साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, काही जाती पहिल्यात. ट्रायकोसेरियसच्या संकरांना त्यातून सूट नाही. त्याशिवाय २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात गुंडाळून टपालानं पाठवतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कायद्याचा भाग आहेच, आणि मुळांवरचा पिठ्या ढेकूण बहुतेक वेळा अशाच पाकिटांतून आत येतो. कागदपत्रांनिशी आलेल्या काड्यासुद्धा निदान दोन महिने पॉलिहाऊसबाहेर, वेगळ्या मांडणीवर ठेवा आणि मुळं तपासल्याशिवाय आत घेऊ नका.